पायथनमध्ये क्लास कशासाठी? दूध संस्थेच्या हिशेबावर अडकले आहे

वही_ते_लॅपटॉप यांचा प्रश्न

नमस्कार. आधी माझं काम सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

मी कागल तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत क्लार्क आहे. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा संकलन असतं. एकेक जण किटली घेऊन रांगेत येतो. दूध काट्यावर मोजायचं, नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलं की सभासद क्रमांकापुढे सगळं टाकायचं. दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्याच्या पोत्यांचे आणि ॲडव्हान्सचे पैसे कापले जातात, उरलेली रक्कम खात्यावर जाते. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो, त्याचा हिशेब वेगळा.

हे सगळं आमच्याकडे एका तयार सॉफ्टवेअरमध्ये होतं. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या मावशींच्या बिलातून एकाच पोत्याचे पैसे दोनदा कापले गेले. मावशींनी पावती पदराच्या गाठीतून काढून माझ्यापुढे ठेवली. मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तर उत्तर आलं की सिस्टीममध्ये जसं आहे तसंच येणार. पैसे आम्ही पुढच्या बिलात परत दिले, पण ते दोनदा का कापले गेले हे मावशींना सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की हे आतून कसं चालतं ते शिकायचं.

चार महिने झाले, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा एक ऑनलाइन कोर्स करते आहे. इंग्रजीत आहे, व्हिडिओ थांबवत थांबवत बघते. दुपारी एक ते चार हाच वेळ माझा. व्हेरिएबल, इफ, लूप, लिस्ट, फंक्शन इथपर्यंत चांगलं चाललं होतं. डिक्शनरी तर फार आवडली, कारण ती आमच्या वहीसारखीच आहे. क्रमांक उघडला की माणसाची सगळी माहिती समोर.

मग क्लास आला. क्लास म्हणजे साचा आणि त्यातून बनलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, एवढं कळलं. कोर्समध्ये पहिलं उदाहरण कुत्र्याचं. त्याला नाव आहे, वय आहे, तो भुंकतो. मग मोटारगाडी. मग प्राणी, त्याच्यापासून कुत्रा आणि मांजर. स्वाध्यायात गाळलेल्या जागा भरायच्या आणि बटण दाबायचं, बरोबर असेल तर हिरवी खूण येते. माझ्या सगळ्या खुणा हिरव्या आहेत. पण कोरी फाइल उघडून बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. कुत्रा भुंकला, पुढे काय? मला कुत्र्याचा काही हिशेब करायचा नाही.

माझ्या शंका अशा आहेत. क्लासमधलं फंक्शन लिहिताना कंसात सेल्फ लिहायचं, पण वापरताना तो द्यायचा नाही. मग तो येतो कुठून? मी एकदा सेल्फ लिहायला विसरले, तर एररमध्ये आलं की हे फंक्शन एकच आर्ग्युमेंट (कंसात दिलेली माहिती) घेतं आणि तुम्ही दोन दिलीत. मी तर एकच दिलं होतं! अर्धी दुपार त्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला शोधण्यात गेली.

दुसरं म्हणजे जे डिक्शनरीत व्यवस्थित होतंय त्याला क्लास कशाला? मी बारा सभासदांचं बिल डिक्शनरी आणि चार फंक्शन वापरून काढलं आहे. बरोबर येतं.

आणि तिसरं. कोर्समध्ये प्राण्यापासून कुत्रा आणि मांजर काढले, तसं मी उत्पादकापासून गाय_उत्पादक आणि म्हैस_उत्पादक असे दोन क्लास काढले. दोन्हींचे दर वेगळे, म्हणून. दोन दिवस छान वाटलं. तिसऱ्या दिवशी ४७ नंबरचे दादा आले. ते सकाळी गाईचं दूध घालतात आणि म्हशीचंही. त्यांना कुठल्या क्लासमध्ये घालू? दोन्हींमध्ये घातलं तर एका माणसाची दोन बिलं निघतात आणि कपात दोन ठिकाणी जाते. मला पुन्हा त्या मावशीच आठवल्या.

कोणी समजावून सांगाल का? सोपं करून सांगू नका म्हणणार नाही, पण अर्धवट सोपंही नको.

---

निवृत्त_सीप्लसप्लस यांचं उत्तर

ताई, तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने एक फार महत्त्वाची गोष्ट शोधून काढली आहे. मी पुण्यात जवळजवळ तीस वर्षं सी प्लस प्लसमध्ये काम केलं. ४७ नंबरच्या दादांसारखा माणूस समोर आल्यावर अख्खी रचना मोडून पुन्हा करावी लागल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे, माझ्या स्वतःच्या कामातही. तुम्हाला तो तिसऱ्या दिवशी भेटला हे चांगलंच झालं.

मराठीत आपण दोन वाक्यं वेगळी बोलतो. ‘तो सभासद आहे’ आणि ‘त्याच्याकडे म्हैस आहे’. इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढणं, फक्त पहिल्या प्रकारच्या वाक्याला लागू पडतं. कुत्रा प्राणी आहे, म्हणून तिथे चाललं. दादा म्हैस नाहीत, आणि ‘म्हैसवाला’ ही त्यांची जातही नाही. उद्या म्हैस विकतील, गाय घेतील, माणूस तोच राहील आणि क्रमांकही तोच. बदलतं ते त्या वेळी किटलीतून आलेलं दूध. म्हणून दुधाचा प्रकार माणसाला चिकटवायचा नाही, त्या वेळच्या नोंदीला चिकटवायचा. एक क्लास उत्पादक, एक क्लास दूधनोंद. नोंदीत तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. उत्पादकाकडे अशा नोंदींची लिस्ट. आता दादांच्या पानावर सकाळच्या दोन नोंदी येतील आणि बिल एकच निघेल.

मग दर कुठे ठेवायचे? त्यासाठीही गाय आणि म्हैस असे दोन क्लास लागत नाहीत. दरपत्रक हा एकच क्लास करा आणि त्याचे दोन ऑब्जेक्ट बनवा. एकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया द्या, दुसऱ्याला ६.० आणि ९.०. फॅटच्या प्रत्येक पॉइंटला दर किती वाढतो आणि किती उतरतो हे आकडेही ज्याचे त्याला. दोन्ही पत्रकं वाचायची रीत सारखीच आहे, आत भरलेले आकडे तेवढे वेगळे. रीत सारखी आणि आकडे वेगळे असतील तर ऑब्जेक्ट दोन, क्लास एक. रीतच वेगळी असेल तेव्हा दुसऱ्या क्लासचा विचार करा. तुमच्या सगळ्या कामात मला तरी इनहेरिटन्सची गरज दिसत नाही. कोर्समध्ये त्यावर आख्खा भाग असतो, त्यामुळे ते न वापरणं म्हणजे आपलं काही कमी पडलं असं वाटतं. तसं काही नाही.

आता सेल्फ. सेल्फ म्हणजे ‘ज्याचं पान आत्ता उघडलं आहे तो’.

तुमच्या काउंटरवर दूध कसं लिहायचं याचा नियम एकच आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. पानं मात्र प्रत्येकाची वेगळी. नियम एकदाच लिहायचा म्हटलं तर त्यात ४७ नंबर असं लिहून चालणार नाही, ‘ज्याचं पान असेल त्याच्या पानावर’ असंच लिहावं लागेल. ते ‘ज्याचं पान असेल तो’ म्हणजे सेल्फ. तुम्ही लिहिता:

उ४७.दूध_घाल(नोंद)

पायथन ते असं वाचतो:

उत्पादक.दूध_घाल(उ४७, नोंद)

टिंबाच्या आधी जो उभा आहे तो उचलून पायथन स्वतःच पहिल्या जागी ठेवतो. तुमचं ते हरवलेलं दुसरं आर्ग्युमेंट हेच. दुसरी ओळ तुम्ही स्वतः लिहूनही बघा, ती तशीच चालते. एकदा हाताने लिहिलीत की सेल्फची भीती जाईल. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये हीच गोष्ट पडद्याआड होते, पायथन ती उघड लिहायला लावतो. सेल्फ हा शब्दही सक्तीचा नाही, पण सगळे तोच वापरतात, तुम्हीही तोच वापरा. (मी इथे सगळं देवनागरीत लिहितो आहे. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबल आणि क्लासची नावं खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. डेफ, इफ वगैरे पायथनचे शब्द आणि संख्या मात्र रोमन लिपीतच टाकाव्या लागतात.)

राहिली डिक्शनरी. तुमचा डिक्शनरीचा प्रोग्राम चुकीचा नाही, तो टाकून देऊ नका. पण मला एक सांगा, त्यात एखाद्याची कपात वाढवायची असेल तर ती प्रोग्रामच्या किती ठिकाणांहून वाढवता येते? डिक्शनरी कुणालाही अडवत नाही. बिल काढणारं फंक्शन कपात वाढवू शकतं, पोत्यांची नोंद करणारं फंक्शनही वाढवू शकतं. दोघांनीही आपापलं काम समजून वाढवली की मावशींचे पैसे दोनदा गेले. त्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय झालं हे मी इथून सांगू शकत नाही, पण असं होण्याची वाट ही असते.

क्लासमध्ये आकडा आणि त्या आकड्याला हात लावण्याचा नियम एकाच ठिकाणी राहतात. हे असं (__इनिट__ हे नवीन ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन):

क्लास उत्पादक:
  डेफ __इनिट__(सेल्फ, क्रमांक, नाव):
    सेल्फ.क्रमांक = क्रमांक
    सेल्फ.नाव = नाव
    सेल्फ._कपात = ०
    सेल्फ._पावत्या = सेट()

  डेफ कपात_कर(सेल्फ, पावती, रक्कम):
    इफ पावती इन सेल्फ._पावत्या:
      रेज व्हॅल्यूएरर("ही पावती आधीच कापली आहे")
    सेल्फ._पावत्या.ॲड(पावती)
    सेल्फ._कपात += रक्कम

आता कपात करायची तर याच दारातून जावं लागतं आणि दारावर पावती तपासली जाते. नावाआधीची अधोरेषा म्हणजे ‘बाहेरून हात लावू नका’ अशी पाटी. पायथन कुलूप लावत नाही, पाटीच लावतो, आणि ती पाळायची हा संकेत आहे. सी प्लस प्लसमध्ये कंपायलरच अडवतो. मला अजूनही कुलूप बरं वाटतं, पण ते असो.

तुम्हाला कुत्र्याचं उदाहरण पटलं नाही यात तुमचा दोष नाही. हा विचार जिथे जन्मला तिथे कुत्रा नव्हता. नॉर्वेत ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगोर या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा केली. नावाप्रमाणे ती सिम्युलेशनसाठी होती. रांगा कशा वाढतात, कोण किती वेळ थांबतो, कुठे तुंबतं, असले प्रश्न संगणकावर सोडवायचे होते. रांगेतला प्रत्येक जण वेगळा, प्रत्येकाची स्थिती वेगळी, पण वागण्याचे नियम समान. त्यातूनच सिम्युला ६७ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले. २००१ चं ट्युरिंग पारितोषिक त्या दोघांना यासाठी मिळालं. पुढे डेन्मार्कच्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युला वापरली, तिच्यातला क्लास त्यांना सीमध्ये हवा होता, आणि १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी जे काम सुरू केलं त्याचं सी प्लस प्लस झालं. माझी भाकरी त्यावर झाली, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो. सांगायचं एवढंच की पहाटे साडेपाचची किटल्यांची रांग हे क्लास शिकायला कुत्र्यापेक्षा कितीतरी जवळचं उदाहरण आहे.

कोर्स सोडू नका. पण त्यातला प्रत्येक स्वाध्याय झाला की तोच तुमच्या संस्थेवर पुन्हा लिहा, कोऱ्या फाइलमध्ये, गाळलेल्या जागांशिवाय. आणि अडलं की कागद घ्या. एक ऑब्जेक्ट म्हणजे एक पान, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या पानावर काय बदललं ते पेन्सिलीने लिहा. पायथन ट्युटर नावाची साइट आहे, तिथे कोड टाकला की ती एकेक ओळ चालवून हेच चित्र काढून दाखवते, बाणांसकट.

---

तिसरे_वर्ष_कॉम्प्युटर यांचं उत्तर

ताई, काकांनी सांगितलंय त्यात एक भर घालतो. कोर्समध्ये पुढे तुम्हाला एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम हे चार शब्द भेटतील. आम्हाला कॉलेजात ते व्याख्येसकट पाठ करावे लागले आणि मी पहिलं वर्षभर फक्त व्याख्याच म्हणत होतो. पावती तपासणारं ते एकच दार म्हणजे एन्कॅप्सुलेशन, हे मला वरचं उत्तर वाचून इतकं स्वच्छ पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या शिक्षकांकडून तेच ऐकायचं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स आहे. क्लास त्यात बराच उशिरा येतो, पण तोवर तो का हवा हे कळलेलं असतं. इंग्रजी आहे, पण सर सावकाश बोलतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बऱ्याच विषयांचे व्हिडिओ मराठी आवाजात मिळतात, तेही बघा.

---

वही_ते_लॅपटॉप

काका, तुमचं उत्तर मी छापून घेतलं आहे. ‘आहे’ आणि ‘कडे आहे’ हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. सेल्फवाली दुसरी ओळ हाताने लिहून चालवली, चालली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आले. तिला कळलं नाही, पण तिला बरं वाटलं.

गेले तीन दिवस बसून उत्पादक, दूधनोंद आणि दरपत्रक असे तिन्ही क्लास लिहिले. कोर्समधलं काहीही समोर न ठेवता. मग बारा सभासद तयार केले, १ ते १० तारखेच्या नोंदी घातल्या, बिल काढलं. बाराही जणांचं कपातीआधीचं बिल सारखं आलं. पैशापैशापर्यंत सारखं, आणि खूप मोठं. जी बाई दिवसाला दोन लिटर घालते तिलाही तेवढंच आणि ज्यांच्याकडे सहा म्हशी आहेत त्यांनाही तेवढंच.

कपात मात्र ज्याची त्यालाच बरोबर गेली आहे. म्हणजे अर्धं चालतंय आणि अर्धं नाही. मी केलेला बदल एवढाच की नोंदींची लिस्ट मी __इनिट__ च्या वर, क्लासच्या नावाखालीच लिहिली:

क्लास उत्पादक:
  नोंदी = []
  डेफ __इनिट__(सेल्फ, क्रमांक, नाव):
    ...

वर लिहिली म्हणजे सुटसुटीत दिसेल असं वाटलं. यानेच होत असेल का? पण गंमत बघा, तशीच मी ‘एकूण_लिटर = ०’ ही ओळही वरच लिहिली आहे, आणि एकूण लिटर प्रत्येकाचं बरोबर येतंय. एकाच जागी लिहिलेल्या दोन ओळी, एक बरोबर आणि एक चूक, हे मला अजिबात समजत नाही.

---

रात्रपाळी_टेस्टर यांचं उत्तर

होय, तिथेच आहे. आणि तुम्ही दुसरी ओळ बरोबर का चालते हे विचारलंत म्हणून मला लिहावंसं वाटलं. बहुतेक जण लिस्ट आत नेतात, चाललं की पुढे जातात, आणि सहा महिन्यांनी तीच चूक दुसऱ्या रूपात माझ्याकडे टेस्टिंगला येते.

__इनिट__ च्या बाहेर, क्लासच्या नावाखाली लिहिलेली गोष्ट कुणा एका सभासदाची नसते, ती क्लासची असते. संस्थेच्या भिंतीवर लावलेला एकच फळा समजा. __इनिट__ मध्ये सेल्फला टिंब देऊन लिहिलेलं त्या त्या सभासदाच्या पानावर जातं.

तुम्ही ‘सेल्फ.नोंदी’ म्हणालात की पायथन आधी सभासदाचं पान बघतो. तिथे नोंदी नाही. मग तो भिंतीवरचा फळा बघतो. तिथे आहे, तोच घेतो. त्यावर अपेंड केलं, म्हणजे लिस्टच्या शेवटी भर घातली, की लिहिलं गेलं फळ्यावर. बाराही जण एकाच फळ्यावर लिहीत राहिले, आणि बिल काढताना प्रत्येकाने अख्खा फळा आपला म्हणून वाचला. म्हणून बिल मोठं आणि सारखं.

आता एकूण_लिटर. तिथे तुम्ही अपेंड करत नाही, ‘सेल्फ.एकूण_लिटर += लिटर’ असं लिहिलं असणार. पायथन पहिल्या वेळी फळ्यावरचं शून्य वाचतो, त्यात लिटर मिळवतो, आणि आलेली बेरीज सभासदाच्या पानावर नवीन ओळ करून लिहितो. फळ्यावर शून्य तसंच राहतं. पुढच्या वेळी पानावर ओळ सापडते, फळ्याकडे जायची वेळच येत नाही. म्हणून ते बरोबर आलं. थोडक्यात, आहे त्याच वस्तूत भर घालणं आणि नवीन वस्तू करून तिला ते नाव देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. लिस्टवर अपेंड ही पहिली, आकड्याची बेरीज ही दुसरी.

दोन्ही ओळी आत न्या. फळ्यावर फक्त तेच ठेवा जे खरोखर सगळ्यांचं एक आहे, उदाहरणार्थ संस्थेचं नाव.

अगदी असाच खड्डा आणखी एका जागी आहे. फंक्शनच्या कंसात ‘नोंदी=[]’ असं डीफॉल्ट देऊ नका. ती रिकामी लिस्ट फंक्शन पहिल्यांदा वाचलं जाताना एकदाच तयार होते आणि नंतर सगळे तीच वापरतात. तिथे नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) द्या आणि आत नवीन लिस्ट करा.

आणि एक विनंती. छापील बिलांशी ताळा करून बघा. कोर्समधली हिरवी खूण कोर्सवाल्यांनी ठरवलेल्या दोन-चार उदाहरणांपुरती असते. तुमच्याकडे तर दहा दहा दिवसांची खरी बिलं पडली आहेत, इतका चांगला टेस्ट डेटा आम्हाला ऑफिसात मागूनही मिळत नाही.

---

वही_ते_लॅपटॉप

आत नेलं. बिलं वेगवेगळी आली. फळ्याचं चित्र मी कागदावर काढलं, पायथन ट्युटरवरही बघितलं, तिथे बाराच्या बारा सभासदांच्या चौकटीत नोंदी नाहीच, लिस्टकडे एकच बाण जाताना दिसतो, तोही क्लासच्या चौकटीतून. तो स्क्रीन मी जपून ठेवला आहे.

सचिवांना विचारून मागच्या दहा दिवसांची बारा बिलं घेतली आणि ताळा केला. अकरा जुळली. एकात एक रुपयाचा फरक. छापील बिल १८४३ आणि माझं १८४२. राऊंड करण्याआधी माझ्याकडे १८४२.५० येतंय. पन्नास पैसे असले की वरचा रुपया धरायचा ही आमची रीत आहे, मीही राऊंड हेच फंक्शन वापरलं. दुसऱ्या एका बिलात १५१७.५० होते, त्याचे मात्र १५१८ बरोबर झाले. एक रुपया आहे म्हणून सोडावंसं वाटत नाही. तो सभासदाचा रुपया आहे.

---

निवृत्त_सीप्लसप्लस

अजिबात सोडू नका.

पायथनचं राऊंड बरोबर अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे जातं. १८४२.५ चे १८४२, कारण १८४२ सम. १५१७.५ चे १५१८, कारण १५१८ सम. खूप आकड्यांची बेरीज करताना सगळेच अर्धे वर ढकलले तर बेरीज फुगते, म्हणून ही पद्धत आहे. पण तुमच्या संस्थेची रीत वेगळी, आणि प्रोग्रामने संस्थेची रीत पाळायची.

पैशासाठी फ्लोटही (पायथनची नेहमीची दशांश संख्या) वापरू नका. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, तो ०.३०००००००००००००००४ सांगेल, कारण दशांशातले हे आकडे द्विमानात नेमके बसत नाहीत. त्याऐवजी डेसिमल घ्या, ती दशांशातच नेमका हिशेब करते. लिटर आणि दर अवतरणचिन्हांत देऊन डेसिमल करा, म्हणजे आकडा लिहिला तसाच आत जाईल, आणि शेवटी क्वांटाइझ या डेसिमलच्या राऊंड करणाऱ्या फंक्शनला राऊंड_हाफ_अप (अर्धा आला की वर) हा नियम द्या.

आता हे किती ठिकाणी बदलावं लागतंय ते मोजा आणि इथे सांगा. तुमच्या दुसऱ्या शंकेचं राहिलेलं उत्तर त्यात आहे.

---

वही_ते_लॅपटॉप

राऊंडचा नियम एकाच ठिकाणी बदलला, उत्पादकच्या बिल_काढ मध्ये. डेसिमल दूधनोंद तयार होताना एकदा आणि दरपत्रक तयार होताना एकदा. म्हणजे सगळे मिळून तीन. मग जुना डिक्शनरीचा प्रोग्राम उघडून बघितला. त्यात राऊंड नऊ ठिकाणी लिहिलेलं सापडलं, आणि कपात वाढवणाऱ्या ओळी तीन वेगवेगळ्या फंक्शनमध्ये होत्या. काका, तुम्ही विचारलं होतं ना किती ठिकाणांहून, ते हे तीन.

बाराही बिलं जुळली. आता पुढच्या दहा दिवसांच्या बिलांशी पुन्हा जुळवून बघणार आहे, आणि मग सगळ्या सभासदांची. संस्थेचं काम त्या जुन्या सॉफ्टवेअरवरच चालू राहील, माझा प्रोग्राम फक्त ताळ्यासाठी. सचिव म्हणाले, चालेल, बिल वाटायच्या आदल्या दिवशी तुमच्यातून एकदा काढून बघत जा.

शेवटी एक केलं. त्या मावशींची दोन वर्षांपूर्वीची पावती माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. तिचा क्रमांक आणि रक्कम टाकून कपात_कर एकदा चालवलं, कपात झाली. तेच पुन्हा चालवलं. प्रोग्राम थांबला आणि खाली लाल अक्षरात आलं, ‘ही पावती आधीच कापली आहे’. उद्या सकाळी मावशी दूध घालायला आल्या की त्यांना हे दाखवणार आहे.